पडून असलेला गॅस

"एवढा गॅस नुसता पडून आहे, मग वापरत का नाहीत?" अण्णांनी हे असं विचारलं, जणू समोरच्या पोस्टरवरच्या दीर्घिकेचा कोणीतरी मॅनेजर आहे आणि तो आत केबिनमध्ये बसलाय. पोस्टरपाशी उभा असलेला पीएचडीवाला मुलगा आधी हसला, मग अण्णा हसत नाहीयेत हे बघून गंभीर झाला. अठ्ठावीस फेब्रुवारी, विज्ञान दिन, खोडदची जीएमआरटी, म्हणजे तिथली मोठी रेडिओ दुर्बीण. दुपारचं ऊन असं की मांडवाच्या कापडातून पण डोकं तापत होतं, आजूबाजूला गणवेशातली पोरं आपापली ज्वालामुखीची आणि ठिबक सिंचनाची मॉडेलं सांभाळत बसलेली, कुठूनतरी वडे तळल्याचा वास. अण्णा म्हणजे माझे सासरे, सगळी नोकरी सहकारी बँकेत झाली, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण प्रश्न अजून तपासणीला आलेल्या ऑडिटरसारखेच. आम्ही त्यांना आणलं होतं ते मोठ्या डिश दाखवायला. त्या त्यांना आवडल्याच. पंचेचाळीस मीटरची डिश आणि ती बनलीये बारीक तारांच्या जाळीची, दोरखंडांवर ताणलेली, आरपार आकाश दिसतं, वारा सरळ निघून जातो, म्हणून एवढ्या हलक्या सांगाड्यावर उभी राहते आणि स्वस्तात होते. ही दुर्बीण उभी करणाऱ्या गोविंद स्वरूपांची ही आयडिया त्यांना इतकी पटली की "हा माणूस पैसे जपून वापरणारा होता" असं त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. अण्णांकडून याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

पोस्टरवर होती एनजीसी ३७४१ नावाची एक बुटकी दीर्घिका. सप्तर्षीच्या भागात, साधारण एक कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे या धंद्यात शेजारीच म्हणायचं. फोटोत मधे ताऱ्यांचा एक फिकट डाग, बोटाच्या पेरानं झाकला जाईल एवढा, आणि त्याच्या भोवती नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशा रेषाच रेषा, पार पोस्टरच्या कडेपर्यंत. मुलानं नीट सांगितलं, मराठीत सांगितलं, कौतुक वाटलं. मधला डाग म्हणजे तारे, बाहेरच्या रेषा म्हणजे हायड्रोजन, आणि तो याच डिशनी बघितलाय. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे कराचेन्त्सेव्ह यांनी २००५ मध्ये दाखवलं की ताऱ्यांचा भाग जिथे संपतो त्याच्या आठपटीहून लांबपर्यंत हा वायू पसरलाय. अण्णांनी चष्मा वर करून, परत खाली करून बघितलं आणि मग तो प्रश्न.

मुलगा म्हणाला की तारा व्हायला गॅस एका ठरावीक घनतेच्या वर जावा लागतो, बाहेरचा फार विरळ आहे. अण्णा "अस्सं" म्हणाले. त्यांचं ते "अस्सं" मला ओळखीचं आहे, त्याचा अर्थ कागद अपुरे आहेत.

नारायणगावातून परत येताना रस्त्याच्या कडेला द्राक्षं घेतली, गाडीत एसी लावला तरी खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं, आणि अण्णा मागच्या सीटवरून एकदम म्हणाले, "म्हणजे एफडीच की. मोडायची नाही." माझी बायको पुढे बसलेली, ती इतकी हसली की तिला ठसका लागला, कारण एफडी न मोडण्यात तिच्या वडिलांचा हात कोणी धरू शकणार नाही. स्कूटर गेली, पंखा बदलायचा राहिला, आई होत्या तेव्हा काशीला जायचं ठरत राहिलं, एफडी मात्र मुदत संपली की परत एफडी. ती हसताना हे सगळं गाडीत येऊन बसलं आणि मग कोणीच काही बोललं नाही. मला ती उपमा तेव्हाही आवडली आणि तेव्हाच खटकली पण. एफडी कशासाठी तरी असते. त्या गॅसला कशासाठीच काही नाहीये, आणि तरी मी पण "वापरला नाही" असाच विचार करत होतो.

प्रश्न मात्र माझ्या मागे लागला.

आधी तो गॅस दिसतो कसा हेच मला कायम थोडं अशक्य वाटत आलंय. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन एक इलेक्ट्रॉन, दोघांच्या फिरकीची दिशा सारखी असते ती कधीतरी आपोआप उलटी होते आणि तेवढ्यात एकवीस सेंटीमीटरची एक रेडिओ लहर सुटते. कधीतरी म्हणजे एका अणूसाठी सरासरी एक कोटी वर्षांतून एकदा. एका अणूकडे बघत बसलात तर माणूसजात संपेल. पण अणू इतके अफाट आहेत की सगळे मिळून सतत कुजबुजत असतात आणि तीस डिश पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडून ते ऐकू येतं, जर जवळपास कोणाचा मोबाईल नसेल तर. शिवाय लहर थोडी ताणलेली आहे का दबलेली यावरून गॅस आपल्याकडे येतोय का लांब जातोय हे पण कळतं, म्हणजे दीर्घिका फिरते कशी ते कळतं, आणि फिरण्यावरून वजन. एनजीसी ३७४१ चं वजन काढलं तर बहुतेक सगळं न दिसणारं, डार्क मॅटर. तारे म्हणजे त्यात चवीपुरते.

मी स्वतः बघितलेली या बुटक्या जातीची दीर्घिका वेगळी आहे, एनजीसी ६८२२, बार्नर्डची गॅलक्सी. धनु राशीत, आपल्याकडून बघायला मस्त उंचीवर, फक्त तिची ऐन वेळ पडते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे महाराष्ट्रात राहणाऱ्यानं तिचा नाद सोडून द्यावा. राहता राहतो ऑक्टोबर, संध्याकाळी अंधार पडल्या पडल्या ती डोक्यापासून थोडी दक्षिणेला असते, आणि चंद्र नको म्हणजे अमावस्या, आणि ऑक्टोबरची अमावस्या म्हणजे बऱ्याचदा लक्ष्मीपूजन. पुण्यात त्या रात्री समोरची बिल्डिंग दिसत नाही धुरानं. म्हणून एका दिवाळीत आठ इंची डॉब दुर्बीण गाडीत घालून मामाच्या गावाला गेलो, माणदेशात, दहिवडीच्या पुढे, जिथे पाऊस नाही म्हणून सगळे रडतात आणि मी मनातल्या मनात खूष होतो, याची लाज पण वाटते. पूजा झाली, बत्तासे खाल्ले, पोरांच्या दोन-चार लवंगी माळा उडून गेल्या, मग रानात. बाजरी काढून झालेली, पायाखाली धसकटं, जमिनीतून दिवसाची ऊब अजून येत होती पण अंगावर गार. मामा स्वेटर घालून शेजारी खुर्ची टाकून बसला. "काय गावतंय का रं?"

गावत नव्हतं. म्हणजे शेजारचा लिटल जेम लगेच सापडला, तो आपल्याच आकाशगंगेतला मरणाऱ्या ताऱ्याचा मेघ, छोटा निळसर हिरवा गोळा, एकदम नीटनेटका. मामाला तोच आवडला. त्याच्यापासून दुर्बीण जराशी खाली, दक्षिणेकडे सरकवली की ती आहे, असं नकाशा सांगतो. पण अशी दीर्घिका म्हणजे प्रकाश थोडा आणि तो भरपूर जागेवर फासलेला, जास्त पॉवर लावली तर पूर्ण नाहीशी होते. सगळ्यात कमी पॉवरची आयपीस, डोक्यावर शाल ओढून, कडेच्या नजरेनं, नळीला हळूच टिचकी मारत. टिचकीचं हे खरं आहे, हललं की डोळ्याला फिकट गोष्टी कळतात. आणि मग एका क्षणी तिथलं आकाश बाजूच्या आकाशाइतकं काळं नाहीये असं वाटलं, उत्तर-दक्षिण लांबट. बस एवढंच. मामानं डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला "हाय म्हंजी असंल." मी त्याच्याशी सहमत होतो.

हीच गोष्ट एडवर्ड बार्नर्डनं १८८४ मध्ये सहा इंची दुर्बिणीतून अमेरिकेत नॅशव्हिलला बसून शोधली, नकाशा नसताना. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. जन्मायच्या आधी बाप गेलेला, घरात दारिद्र्य, नऊ वर्षांचा असताना फोटो स्टुडिओत कामाला लागला. पुढे धूमकेतू शोधायला लागला, कारण तेव्हा एक श्रीमंत गृहस्थ प्रत्येक नव्या धूमकेतूला दोनशे डॉलर बक्षीस द्यायचे, आणि त्या बक्षिसांवर यानं घराचे हप्ते फेडले. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी कर्जाचा व्याजदर विचारला. धूमकेतू शोधणाऱ्याला फिकट डागांची सवय असते, डाग दिसला की तो हलतोय का ते बघायचं. हा हलला नाही. पैसे मिळाले नाहीत. मग चाळीस वर्षांनी, १९२५ मध्ये, हबलनं माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीनं त्याच डागात अकरा सेफिड तारे, म्हणजे ठरावीक लयीत उजळणारे-मंदावणारे तारे, शोधून अंतर काढलं, सात लाख प्रकाशवर्षं. आज आपण साधारण सोळा लाख म्हणतो, पण तेव्हा सात लाख पण पुरेसं होतं, कारण हे आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचं वेगळं घर आहे हे त्यातून पक्कं झालं. सगळे देवयानी दीर्घिकेचं नाव घेतात, पण हबलचा याबाबतचा पहिला तपशीलवार पेपर या फाटक्या डागावर आहे. आणि सेफिडची लय जितकी संथ तितका तो जास्त तेजस्वी, हा अंतर मोजायला लागणारा नियम हेन्रिएटा लेव्हिटला सापडला तो कुठे, तर धाकट्या मॅजेलन मेघात, ती पण अशीच एक वाकडीतिकडी बुटकी दीर्घिका. विश्व मोजायची पट्टीच या असल्या किरकोळ दीर्घिकांमधून आलीये, हे मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं.

तर एनजीसी ६८२२ कडे गॅस किती. हायड्रोजनच धरला तर तेरा कोटी सूर्य होतील एवढा. त्यात तारे बनतात साधारण शंभर वर्षांत एक-दीड सूर्याच्या वजनाचे. भागाकार केला तर आत्ताच्या वेगानं हा साठा संपायला नऊशे कोटी वर्षं लागतील, आपल्या सूर्याची उरलेली वर्षं त्याच्या निम्मी आहेत. आणि तरी ती झोपलेली नाहीये, हे लक्षात घ्या. तिच्या उत्तरेच्या टोकाला हबल-एक्स नावाचा एक तेजोमेघ आहे, एकशे दहा प्रकाशवर्षं रुंद, आत हजारो नवे तारे, सुरुवात होऊन फक्त चाळीस लाख वर्षं झालेली. मृग नक्षत्रातला आपला लाडका ओरायन मेघ त्याच्यापुढे लहान वाटेल. म्हणजे एका कोपऱ्यात भट्टी धडधडतेय आणि बाकी सगळीकडे सामसूम. सर्पिल दीर्घिकेत भुजा असतात, त्या फिरतात तसा गॅस दाबला जातो, कामाला काही शिस्त असते. इथे भुजाच नाहीत. जिथे जमलं तिथे जमलं.

का नाही जमत याचं उत्तर मी पुढचे काही आठवडे जमेल तसं वाचत होतो, रात्री जेवण झाल्यावर, बायको म्हणायची बाबांचा होमवर्क चालू आहे. त्या मुलाचं उत्तर बरोबरच होतं, फक्त अर्धं होतं. गॅस विरळ आहे हे खरं, पण तो गार पण व्हायला हवा, आणि गार व्हायला हायड्रोजन एकटा पुरत नाही. कार्बन, ऑक्सिजन, धूळ लागते. धुळीच्या कणावर बसून दोन हायड्रोजन अणू जोडीनं रेणू होतात, धुळीच्या आडोशाला जवळच्या तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांपासून ते रेणू वाचतात, कार्बन-ऑक्सिजन उष्णता बाहेर टाकतात. आणि हे सगळं सामान येतं कुठून, तर आधीच्या ताऱ्यांच्या पोटातून. आधी तारे कमी झाले म्हणून धूळ कमी, धूळ कमी म्हणून तारे कमी. एनजीसी ६८२२ मध्ये ही जड मूलद्रव्यं सूर्याच्या मानानं पाव-एक पट, तिकडे तिमिंगल तारकासमूहात डब्ल्यूएलएम नावाची अशीच एक आहे तिथे तेरा टक्के. चिलीच्या वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणीनं या दोन्हींकडे कार्बन मोनॉक्साइड शोधला, तो दाट गॅसची खूण असतो, तर सापडला पण कसा, मोठ्या ढगाच्या अगदी गाभ्यात, काही प्रकाशवर्षांच्या बारक्या गाठी. बाकीच्या ढगाला आडोसाच नाही. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे २०२३ मधले एनजीसी ६८२२ चे फोटो बघा, धूळ दिसते पण जाळीदार, विरलेल्या लुगड्यातून पलीकडचं दिसावं तशी मागच्या लांबच्या दीर्घिका आरपार दिसतात.

आणि एवढं करून तारे झालेच तर तेच पुढचं काम बंद पाडतात. मोठे तारे तीसेक लाख ते काही कोटी वर्षांत फुटतात, वारे सोडतात, भोवतालचा गॅस ढकलून देतात. मोठ्या दीर्घिकेत तो परत खाली पडतो. इथे मुळात गुरुत्वाकर्षण तोकडं, ढकलला की लांब जातो. एनजीसी ६८२२ च्या हायड्रोजनमध्ये एक अजस्र भोक आहे, साडेसहा हजार बाय साडेचार हजार प्रकाशवर्षं, वय अंदाजे दहा कोटी वर्षं. दीर्घिकेचा दिसणारा पसाराच सात हजारच्या आसपास आहे तिथे एवढं भोक! आपल्या आकाशगंगेत असं भोक टिकलं नसतं, आतला भाग एका चालीनं बाहेरचा दुसऱ्या चालीनं फिरतो, भोक ताणून ताणून मिटून जातं. बुटक्या दीर्घिका बऱ्याचशा अखंड चकतीसारख्या फिरतात, त्यामुळे पडलेलं भोक पडलेलंच राहतं.

हे वाचल्यावर एफडी माझ्या डोक्यातून गेली.

एक गोष्ट मात्र मला चिडवते. व्याख्यानांमध्ये या बुटक्या दीर्घिकांना सर्रास "बाळ दीर्घिका" म्हणतात, गोंडस वाटतं, पोरं हसतात. एनजीसी ६८२२ मध्ये आरआर लायरी जातीचे तारे सापडलेत, हजार कोटी वर्षांहून म्हातारे. बाळ कसलं, आपल्याएवढीच म्हातारी आहे ती, फक्त तिचं सगळं रखडत झालं. सिंह राशीतली लिओ ए घ्या, तिनं नव्वद टक्के तारे गेल्या आठशे कोटी वर्षांत केले, म्हणजे बाकीच्यांचा जोर ओसरल्यावर हिनं खरं काम सुरू केलं. आणि लिओ पी तर कमालच. अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या हायड्रोजन सर्व्हेत सापडली, ५३ लाख प्रकाशवर्षांवर, जड मूलद्रव्यं सूर्याच्या तीन टक्के, अख्ख्या दीर्घिकेत एकच चमकता तेजोमेघ. वेबनं तिचे म्हातारे तारे मोजल्यावर दिसलं की सुरुवातीला तिनं तारे केले, मग विश्वात सगळीकडे पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं गॅस तापला त्या सुमारास बंद पडली, काही अब्ज वर्षं काहीच नाही, आणि मग परत सुरू. कोणी मदत केली नाही, कोणाशी टक्कर झाल्याचं दिसत नाही. अशा गोष्टी वाचल्या की माझ्यातला पन्नाशीकडे झुकलेला माणूस लगेच त्यातून स्वतःसाठी काहीतरी काढायला लागतो आणि मला त्याला गप्प करावं लागतं. गॅस थंड झाला, खाली बसला, दाट झाला, एवढंच झालं होतं.

अण्णांना हे सगळं मी एका रविवारी फोनवर सांगितलं. त्यांनी मधे मधे "हां", "हां" केलं, भोकाची साईज परत विचारली, बहुतेक लिहून घेत होते. धुळीचा मुद्दा त्यांना लगेच कळला, भांडवलाशिवाय भांडवल उभं राहत नाही हे त्यांना कोण सांगणार. मग म्हणाले, "अहो पण मग आपली आकाशगंगा एवढी खर्चिक, तिचं किती उरलंय?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आपल्याकडे वर्षाला दीड-दोन सूर्यांएवढे तारे होतात आणि ताऱ्यांसाठी तयार असलेला गार दाट गॅस बघितला तर तो या वेगानं शंभर कोटी वर्षं पण पुरायचा नाही. तरी गेली हजारेक कोटी वर्षं दुकान चालूच आहे. कारण बाहेरून येतो. दीर्घिकांच्या मधल्या अवकाशातून झिरपत येतो, आणि थोडा छोट्यांकडून. मॅजेलन मेघांच्या मागे हायड्रोजनचा एक पट्टा ओढला गेलाय, आकाशात शंभर अंशांहून लांब, डोळ्याला दिसत नाही पण रेडिओत दिसतो, आणि त्यातला काही भाग कधी ना कधी इकडे पोचेल असा अंदाज आहे.

"म्हणजे विलीनीकरण," अण्णा म्हणाले. "लहान बँकेच्या ठेवी मोठ्या बँकेत." सहकार क्षेत्रात आयुष्य काढलेल्या माणसाच्या आवाजात तो शब्द कसा येतो ते ऐकायला पाहिजे. मग त्यांनी विचारलं की ठेवी गेल्यावर त्या लहानीचं काय होतं. ते पण ठाऊक आहे, कारण आकाशगंगेच्या भोवती अशा कितीतरी आहेत, कालेय, शिल्पी या तारकासमूहांमधल्या, ड्रेको आणि स्कल्प्टर नावाच्या. त्यांच्यात तारे आहेत, सगळे म्हातारे, गॅस जवळपास शून्य, नवीन काही होत नाही. मोठीच्या जवळ राहिलेल्या बहुतेकींचं हेच झालंय, दोन मॅजेलन मेघ सोडले तर, आणि त्यांचं काढणं पण आता सुरू झालंय. ज्यांच्याकडे अजून साठा आहे त्या सगळ्या लांब आहेत, एनजीसी ६८२२ सोळा लाख, लिओ ए पंचवीस लाखांच्या आसपास, डब्ल्यूएलएम तीस. लांब आहे म्हणून वाचलाय.

"मग वापरत नाहीत तेच बरंय," अण्णा म्हणाले, आणि मी म्हणलं तसं नाही हो अण्णा, वापरला असता तरी चाललं असतं, नाही वापरला तरी चालतं, तिथे बरं-वाईट कोणाला आहे. त्यांना हे अजिबात पटलं नाही. अजून पटलेलं नाहीये. परवा बायकोला म्हणत होते की जावईबापू शिकलेले आहेत पण हिशोबात कच्चे.